ला स्काला उघडताना: जुन्या कर्ण्याच्या स्पीकरचं काम, एकेक पायरीने

मागच्या उघड्या कप्प्यातून हात आत घाला आणि मधल्या सुरांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कर्ण्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. ‘टण्ण’ असा नाद येतो आणि क्षणभर रेंगाळतो. देवळातल्या लहान घंटेइतका स्वच्छ नाही, पण जातकुळी तीच. आता स्पीकरवर नुसता तानपुरा लावा. जवारीचं जे झुंबर तारेतून सुटायला हवं, त्याच्या कडेला पत्र्याची एक बारीक झाक ऐकू येते. ती तानपुऱ्याची नाही, कर्ण्याची आहे. या स्पीकरवर करण्यासारखी बरीचशी कामं अशीच असतात. संगीतात नसलेलं काहीतरी पेटी आपल्या पदरचं घालत असते. ते शोधायचं आणि काढून टाकायचं.

हा लेख क्लिप्श कंपनीच्या ला स्काला या मॉडेलबद्दल आहे, तेही साठ-सत्तरच्या दशकातल्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या जोड्यांबद्दल. पॉल विल्बर क्लिप्श यांनी १९४६ साली आर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावात कंपनी काढली. घराच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न हे त्यांचं पहिलं उत्पादन. ला स्काला आला १९६३ मध्ये. विन्थ्रॉप रॉकफेलर आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहणार होते, त्यांच्या प्रचारसभांना ध्वनिक्षेपक हवा होता, त्यातून ही पेटी घडली. म्हणून तिच्यात कोपऱ्याची अट नाही, उचलून कुठेही ठेवता येते. ‘उचलून’ म्हणजे दोघांनी. एका पेटीचं वजन ५० किलोच्या वर आहे.

मी टेक्सासात डॅलसजवळ राहतो. होप इथून गाडीने तीन-साडेतीन तासांवर आहे. या भागात जुन्या जोड्या अजून घरांतून, चर्चमधून, बंद पडलेल्या नाचघरांतून निघतात. माझी जोडी एका चर्चमधून आली. तिच्यावर काम करताना एक गोष्ट पक्की कळली आणि ती मी सुरुवातीलाच सांगतो. आधी स्पीकर मूळ स्थितीत आणा, सुधारणा नंतर. लोक उलट करतात. पेटी घरी आली की पहिल्याच आठवड्यात नवे ट्विटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) आणि नवा क्रॉसओव्हर (वरचे, मधले, खालचे सूर वाटून देणारं आतलं सर्किट) मागवतात. खरा बिघाड असतो गंजलेल्या स्क्रूत किंवा गळक्या फळीत, आणि तो तसाच राहतो.

हात लावण्याआधी

मागच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. मग क्रॉसओव्हरचे फोटो काढा, वरून, दोन्ही बाजूंनी आणि प्रत्येक वायरच्या टोकाशी. कुठली वायर कुठल्या स्क्रूला आहे ते कागदावर उतरवून घ्या. क्रॉसओव्हरचा प्रकारही नोंदवा. टाइप ए, टाइप एए, नंतरच्या पेट्यांत टाइप एएल. या लेखातले आकडे ए आणि एए यांचे आहेत. एएलची रचना वेगळी आहे, तिथे हे आकडे लावू नका.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकाच पेटीवर काम करा. दुसरी आहे तशी ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोनो ध्वनिमुद्रण लावा आणि बॅलन्सची खुंटी इकडून तिकडे फिरवत ऐका. केलेल्या कामाने फरक पडला की पडल्यासारखा वाटतोय, याचं उत्तर याच पद्धतीने मिळतं. कान दोन दिवसांत कशालाही सरावतात, आठवणीवर विसंबू नका. मोनोसाठी जुनी गाणी हाताशी आहेतच. मी एक नाट्यपद, एक तानपुरा आणि एक तबला एकल ठरवून घेतलं आहे. पुरुषाचा आवाज आणि हार्मोनियम मधला कर्णा उघडा पाडतात, तबल्याची चाट ट्विटर, आणि बायाँची मींड वूफरची, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरची, पेटी.

मायक्रोफोनने मोजायचं असेल तर उत्तमच. रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि यूएसबी मापन-माइक फार महाग नसतो. माइक एक मीटरवर ठेवून आधीचा आलेख जपून ठेवा.

मीटर, स्क्रू आणि गंज

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, वायरी सोडवा, आणि प्रत्येक ड्रायव्हरचा (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाचा) डीसी रोध मल्टिमीटरने मोजा. के-३३ वूफर साधारण ३.५ ओहम दाखवतो, के-५५-व्ही हा मधला ड्रायव्हर १० ते ११ आणि के-७७ ट्विटर ५ ते ६. आकडा थोडा इकडे तिकडे असला तर घाबरू नका, डावा-उजवा जुळतोय का ते बघा. मीटरचा काटा हललाच नाही तर कॉइल तुटली आहे. बहुतेक वेळा तो ट्विटर असतो. त्याची कॉइल केसासारख्या तारेची आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर ताणला की आधी तीच जाते.

वूफरबाबत एक दिलासा. त्या काळातल्या पुष्कळ स्पीकरांच्या कडेचा फोम आज पिठासारखा गळतो. के-३३ ची कड फोमची नाही, चुण्या घातलेल्या कापडाची आहे. ती सहसा शाबूत असते.

आता स्क्रू. या क्रॉसओव्हरमध्ये वायरी स्क्रूच्या पट्टीवर बसवलेल्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षांत स्क्रूखाली काळपट थर धरतो आणि स्क्रू सैलही होतात. एकेक वायर सोडवा, टोक बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि घट्ट बसवा. टोक फार खराब असेल तर सेंटिमीटरभर कापून नवीन लग (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबून लावा. तासाभराचं काम आहे, खर्च जवळजवळ शून्य. माझ्या एका पेटीचा ट्विटर मध्येच बसल्यासारखा व्हायचा, तो एवढ्यानेच सुधारला. विकणाऱ्याने तो ‘गेलेला’ म्हणून सांगितला होता.

वायरी परत लावताना ध्रुवता तपासा. मी एकदा मधल्या ड्रायव्हरच्या वायरी उलट लावल्या आणि दोन दिवस मला वाटत राहिलं की गायिका खोलीच्या मधोमध उभी न राहता भिंतीत विरघळली आहे. दोन्ही पेट्यांत काम सारखंच झालं आहे ना, हे फोटोशी ताडून बघा.

कपॅसिटर

इथे पैसे खर्च करायला हरकत नाही. मूळ कपॅसिटर पत्र्याच्या चपट्या डब्यातले, तेल भरलेले आहेत. काळाने त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, मूल्यही सरकतं आणि वरचे सूर मंद होतात. हा बदल इतका हळू होतो की मालकाला कळत नाही. त्याला वाटतं, स्पीकरचा आवाजच असा ‘मऊ’ आहे.

टाइप ए मध्ये दोनच कपॅसिटर आहेत, मधल्या ड्रायव्हरच्या वाटेवर १३ मायक्रोफॅरडचा आणि ट्विटरच्या वाटेवर २ मायक्रोफॅरडचा. टाइप एए मध्ये ट्विटरसाठी २ मायक्रोफॅरडचे दोन आहेत, त्यांच्यामध्ये २४५ मायक्रोहेन्रीची एक छोटी कॉइल, आणि पाठीला पाठ लावलेले दोन झेनर डायोड. हे डायोड ट्विटरचे राखणदार आहेत, व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की ते जास्तीचा प्रवाह आपल्याकडे वळवतात. बरेच जण ते काढून टाकतात. मी ठेवले आहेत. घरात इतरही लोक आवाजाची खुंटी फिरवतात, आणि मूळ के-७७ सहजासहजी मिळत नाही.

सावधगिरीची सूचना मनापासून देतो. या जुन्या डब्यांतल्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असू शकतं. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण आपल्या पेट्या त्याआधीच्या असू शकतात. डबा गळत असेल तर हातमोजे घाला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. डबा फोडायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही, ‘आत काय आहे बघू’ म्हणायचं नाही.

बदली म्हणून पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे कपॅसिटर घ्या, २५० व्होल्ट किंवा वरचे, पाच टक्क्यांच्या आतल्या फरकाचे. १३ चा आकडा बाजारात नेहमी मिळत नाही. १० आणि ३ समांतर जोडा, किंवा १२ आणि १. कपॅसिटरचं मूल्य मोजणारा एलसीआर मीटर असेल तर डाव्या-उजव्यासाठी जुळते निवडा. महागड्या ब्रँडच्या मोहात पडू नका. नव्या, चांगल्या, साध्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरने सुधारणेचा मोठा वाटा मिळतो. त्यापुढच्या दहापट किमतीत मला तरी माझ्या तबल्याची चाट बदललेली ऐकू आली नाही. महाराष्ट्रात बसून हे काम करत असाल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत फिल्म कपॅसिटर मिळतात. नुसतं मूल्य सांगू नका, ‘पॉलिप्रॉपिलीन’ हा शब्द आवर्जून उच्चारा, नाहीतर इलेक्ट्रोलिटिक हातात येतो.

जुना डबा स्क्रूने सुटत असेल तर बरं, नाहीतर त्याचा सोल्डरचा डाग गरम करून सोडवा. नवीन कपॅसिटर फळीवर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पक्के बांधा. ही पेटी हादरते, आणि नुसत्या वायरीवर लोंबणारा कपॅसिटर वर्षभरात आपला डाग तोडतो. कॉइलींना हात लावू नका. तांब्याची गुंडाळी म्हातारी होत नाही.

नव्या कपॅसिटरनंतर स्पीकर पहिले काही दिवस टोचरा वाटेल. लगेच काही बदलू नका. वर्षानुवर्षं दबलेला ट्विटर परत बोलू लागला आहे, आणि तुमचे कान दबलेल्याला सरावलेले आहेत. आठवडा जाऊ द्या.

टॅपचा हिशेब

मधला कर्णा वूफरपेक्षा जास्त कार्यक्षम आहे, म्हणून त्याचा आवाज खाली आणायला क्रॉसओव्हरमध्ये टी२ए नावाचा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. वायर जिथे जोडायची त्या त्याच्या ठिकाणांना टॅप म्हणतात. त्याच्या टॅपमध्ये प्रत्येकी ३ डेसिबलची पायरी आहे. मधले सूर फार पुढे वाटले की लोक वायर एक टॅप खाली सरकवतात आणि तिथेच थांबतात. इथे मोठी चूक होते.

१६ ओहमचा ड्रायव्हर ३ डेसिबल खालच्या टॅपवर लावला की मागच्या बाजूला तो ३२ ओहमचा दिसतो. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम यांचं गणित केलं की छेद-वारंवारता, म्हणजे वूफरकडून मधल्या कर्ण्याकडे काम जातं ती जागा, ३८० हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे क्लिप्श यांनी ठरवलेल्या ४०० च्या आसपास. आता आणखी एक टॅप खाली या. दिसणारे ओहम ६४ झाले. कपॅसिटर तोच ठेवला तर छेद निम्म्यावर, १९० च्या आसपास घसरतो. म्हणजे ४०० हर्ट्झसाठी बनवलेल्या कर्ण्यात आपण त्याला न पेलणारे खालचे सूर ढकलतो. तो ताणतो आणि त्याचा आवाज चोंदतो. म्हणून टॅप एक पायरी खाली नेला तर कपॅसिटरही निम्मा करा, १३ च्या जागी ६.५. हे दोन बदल जोडीने करायचे.

हवा कुठून गळते

वूफर समोर दिसत नाही. तो मधल्या बंद खोक्यात आहे, मागे तोंड करून एका फटीतून बोलतो. तिथून आवाज दोन्ही बाजूंना वळून कर्ण्याच्या तोंडातून बाहेर येतो. ते मधलं खोकं हवाबंद असायलाच हवं. वूफरच्या पडद्यामागची हवा स्प्रिंगसारखी काम करते. स्प्रिंगला गळती लागली की खर्ज पातळ होतो आणि पडदा अनावर हलतो.

तपासायला उदबत्ती लागते. ३० हर्ट्झचा सूर अगदी हलक्या आवाजात लावा. हलकाच ठेवा, कारण या वारंवारतेला कर्णा वूफरला धरून ठेवू शकत नाही आणि पडदा फार हलतो. खोलीचा पंखा बंद करा. उदबत्तीचा धूर सरळ वर जाऊ लागला की टोक हळूहळू सांध्यांजवळून फिरवा. वूफरची वायर ज्या भोकातून वरच्या कप्प्यात येते तिथे आधी न्या. माझ्या पेटीत त्या भोकापाशी धूर थरथरला, मग फुंकर मारल्यासारखा एका बाजूला तुटू लागला, सेकंदाला तीस वेळा, डोळ्यांना नुसता धुरकट कंप दिसावा तसा. फट पेन्सिलच्या जाडीचीही नव्हती. ब्यूटाइल टेपचा एक गोळा दाबून बसवला आणि धूर पुन्हा सरळ झाला.

दुसरी जागा म्हणजे तळाची फळी. वूफर तिथूनच काढतात. पेटी जाड चादरीवर पाठीवर आडवी करा आणि तळाच्या सांध्यावरून उदबत्ती फिरवा. गळत असेल तर फळी काढा, जुनं गॅस्केट (सांधा बुजवणारी पट्टी) खरवडून टाका, आणि बंद पेशींच्या फोमची चिकटपट्टी अखंड लावा, कोपऱ्यावर न तोडता. ‘बंद पेशींची’ हे महत्त्वाचं, स्पंजसारख्या फोममधून हवा आरपार जाते. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. ड्रिलने पिळू नका. हाताने, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घ्या.

वूफर बाहेर आलाच आहे तर त्याचे माउंटिंग बोल्ट तपासा. चार बोल्टांपैकी एक सैल सापडतोच.

कर्ण्याचा नाद

आता सुरुवातीच्या त्या ‘टण्ण’कडे. मधला के-४०० कर्णा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे (नंतरच्या पेट्यांतला के-४०१ धातूचा नाही, त्याला हे काम लागत नाही). कर्णा सोडवून टेबलावर घ्या. के-५५-व्ही त्याला आट्यांनी बसवलेला असतो, हळू फिरवून काढा आणि घशाशी गॅस्केट आहे का बघा. नसेल तर घाला, तिथूनही हवा गळते.

कर्ण्याची बाहेरची बाजू अल्कोहोलने पुसून मोटारींच्या दारात लावतात ती ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट लहान तुकड्यांत चिकटवा. रुंद भागापासून सुरुवात करा आणि रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून हवा काढा. मी प्रत्येक दोन-तीन तुकड्यांनंतर टकटक करून ऐकत गेलो. ‘टण्ण’चं ‘टक्’ झालं, मग ‘ठक्’. दोन-तृतीयांश पृष्ठभाग झाकल्यावर पुढे फरक पडेना, तिथे थांबलो. आतल्या बाजूला काहीही लावायचं नाही, आवाजाची वाट तिथून जाते.

हे केल्यावर तानपुरा ऐका, एक पेटी केलेली आणि एक न केलेली. माझ्या मते या स्पीकरवर सगळ्यात कमी पैशांत मिळणारी सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे.

पेटीच्या बाजू

ला स्कालाच्या बाजूच्या फळ्या १९ मिलिमीटर प्लायवूडच्या आहेत आणि मोठ्या आहेत. शंभर ते दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यात त्या स्वतः गाऊ लागतात. सूर हळूहळू वर नेत फळीवर तळवा ठेवा, एका जागी हाताला मुंग्या येतील. माझ्याकडे ती जागा १६० च्या आसपास सापडली. पुरुष गायकाचा आवाज तिथे फुगतो. कंपनीनेही हे ओळखलं, २००६ च्या ला स्काला दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी २५ मिलिमीटरचं एमडीएफ वापरलं.

उपाय म्हणजे कर्ण्याच्या तोंडात, मधलं खोकं आणि बाजूची फळी यांच्यामध्ये बर्च प्लायचा एक आडवा आधार. दोन्ही बाजूंना एकेक. पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मग प्लाय कापा आणि रंध्याने कड इतकी घासा की हाताने दाबून घट्ट बसेल. बाजू बाहेर ढकलली जाईल इतका मोठा नको. मी बरोबर मध्यावर न घालता थोडा वर घातला. मध्यावर घातला तर फळीचे दोन सारखे अर्धे होतात आणि दोघे एकाच सुरात गातात. आधी चिकटवू नका. दाबून बसवा, दोन आठवडे ऐका, पटलं तर गोंद लावा. मूळ रूप जपायचं असेल त्यांच्यासाठी गोंद न लावण्याचाच मार्ग आहे.

ट्विटर

मूळ के-७७ चा पडदा गेला असेल तर नवा पडदा बसवता येतो. ड्रायव्हर बदलायचा असेल तर क्राइट्स या नावाने विकले जाणारे सीटी१२५ ट्विटर त्याच भोकात बसतात. पण चांगला के-७७ असेल तर मी बदलणार नाही. जुन्या पेट्यांत तो फळीच्या मागून बसवलेला असतो आणि समोर लाकडाची कड राहते. तिच्यावर आपटून वरचे सूर विखुरतात. भोकाची कड आतून बाहेर तिरकी तासा, किंवा चपट्या पट्टीच्या कंसांनी ट्विटर समोरच्या पृष्ठभागाशी सपाट आणा. फरक लहान आहे, पण चाटेच्या कडेला कळतो.

खोली आणि अ‍ॅम्प्लिफायर

हा स्पीकर एका वॅटला १०४ डेसिबल देतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची ताकद बघू नका, शांतता बघा. गाणं बंद असताना ट्विटरपाशी कान न्या. तिथे सुस्कारा किंवा घरघर असेल तर ती रोज ऐकू येईल. दहा वॅटचा शांत अ‍ॅम्प्लिफायर इथे शंभर वॅटच्या गोंगाटी अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा कितीतरी बरा.

५० हर्ट्झच्या खाली ला स्काला फारसं देत नाही. पेटी भिंतीजवळ किंवा कोपऱ्याजवळ नेली की खर्ज भरतो. सबवूफर जोडायचा असेल तर आवाज थोडा उशिरा सोडण्याची (डिलेची) सोय असलेला घ्या. घडी घातलेल्या कर्ण्यातून आवाजाची वाट लांब पडते आणि सब आधी पोचतो. सूर लावून सबचा उशीर बदलत जा, छेदाच्या जागी आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबा.

काम झाल्यावर काढलेले सगळे मूळ भाग, गळका कपॅसिटर सोडून, बिस्किटांच्या डब्यात ठेवा. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधा, कुठल्या पेटीतला, कुठल्या तारखेला काढला. एक कागद क्रॉसओव्हरच्या फळीवर चिकटवा, त्यावर नवी मूल्यं आणि टॅप लिहा. माझ्या पेटीत चर्चमधल्या कुणीतरी पेन्सिलीने फक्त ‘डावा, वायर बदलली’ एवढं लिहून ठेवलं होतं, आणि त्या तीन शब्दांनी माझी एक अख्खी संध्याकाळ वाचली.